बोटभर ओळख

लिअम डूलनचं बोट उठलं नाही.

झालं ते एवढंच. बाकी सकाळ नोव्हेंबरातल्या कुठल्याही सकाळीसारखी होती. आभाळ ओल्या घोंगडीसारखं खाली आलेलं, कुंपणाच्या झुडपांतून पाणी ठिबकतंय, आणि अरुंद रस्त्यावर समोरून लिअमचा ट्रॅक्टर. मोरेश्वरने शिरस्त्याप्रमाणे गाडी डावीकडे झुडपांना लगटून घेतली, स्टिअरिंगवरची तर्जनी उचलली, आणि लिअमने त्याच्याकडे पाहिलं. म्हणजे त्याच्या दिशेने पाहिलं. आणि तो निघून गेला. बोट नाही, मान नाही, हनुवटीचा झटकासुद्धा नाही. मोरेश्वरची तर्जनी मात्र पुढच्या वळणापर्यंत तशीच वर राहिली, बिल द्यायला पुढे केलेला हात दुसऱ्याने आधीच पैसे दिल्यावर राहतो तशी. मग त्याने ती हळूच खाली घेतली आणि आरशात पाहिलं. ट्रॅक्टरच्या मागे मेंढ्यांचा कुत्रा बसला होता. तोही दुसरीकडे बघत होता.

डब्लिनपासून तासाभरावरच्या या किलब्रॅकन गावात बोटाची किंमत काय, हे मोरेश्वरला कोणी सांगितलं नव्हतं. ते त्याने कमावलं होतं. नव्याने राहायला आला तेव्हा तो समोरच्या प्रत्येक गाडीला अख्खा हात हलवायचा, जीपमधून जाणाऱ्या आमदारासारखा. शेवटी दुकानवाल्या ब्रीडाने ब्रेड पिशवीत घालता घालता त्याला बाजूला घेतलं होतं. "मॉरिस," मोरेश्वरचा तिने पहिल्याच आठवड्यात मॉरिस करून टाकला होता, "मॉरिस, एक बोट पुरे रे. अख्खा हात अमेरिकेहून आलेले हलवतात." तेव्हापासून एक बोट. ते स्टिअरिंग न सोडता, न हसता, जणू बोटाला आपोआप आठवण झाली असं उचलायचं. आधी फक्त त्यानेच उचलायचं, मग कधीतरी समोरून अर्धं, आणि पहिल्या हिवाळ्याच्या अखेरीस एका सकाळी लिअमने त्याच्या आधी उचललं होतं. त्या दिवशी मोरेश्वर डब्लिनमधल्या सँडीफोर्डच्या ऑफिसात दिवसभर एखाद्याला बढती मिळावी तसा वावरला होता, आणि कारण विचारल्यावर कोणाला सांगता आलं नव्हतं.

आता ते बोट कुणीतरी परत घेतलं होतं. ऑफिसात तो अंतर्गत तपासनीस होता. लिहिलेलं कोणीही वाचतं. लिहायला हवं होतं आणि नाही, ते हेरण्याचा त्याला पगार मिळे. स्वभावही तसलाच. लग्नात कोण आलं यापेक्षा कोण आलं नाही हे त्याच्या आधी लक्षात यायचं. त्यामुळे काचेच्या त्या इमारतीत, खाली लुआसची ट्राम घंटा वाजवत जाताना, तो पडद्यावरच्या आकड्यांकडे बघत न उठलेल्या बोटाचं कारण शोधत बसला. लिअमची तब्येत? ट्रॅक्टर चालवत होता. विचारात असेल? लिअम गेली कित्येक वर्षं विचारात पडल्याची गावात नोंद नव्हती. मग उरलं ते एकच, आणि त्याच्याकडे मोरेश्वरचं मन सरळ न जाता गल्ल्यागल्ल्यांतून जात होतं.

कारण ही सुरुवात त्याने आधी एकदा पाहिली होती. चिंचवडच्या कारखान्याच्या कॉलनीत. संप चालू होता, आणि त्याचे वडील, संपात मनाने असूनही, आईच्या ऑपरेशनमुळे रजा-पगाराचा घोळ नको म्हणून एक दिवस कामावर गेले. एकच दिवस. त्यावर कोणी दगड मारले नाहीत, कोणी शिवी दिली नाही. समोरचे कामत रोज सकाळी दात घासत गॅलरीत उभे राहून "काय, निघालात?" म्हणायचे; ते म्हणेनासे झाले. बस. दात घासणं चालू, गॅलरी चालू, "निघालात" तेवढं बंद. मग संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आईला बोलावणं आलं नाही, मग क्रिकेटमध्ये मोरेश्वरला फक्त चेंडू आणायला ठेवलं. वडील रोज दारात क्षणभर रेंगाळायचे. कुलूप दोनदा ओढून बघायचे, चप्पल उगाच झटकायचे, कामतांना पुरेसा वेळ मिळावा म्हणून. वाळीत टाकणं म्हणजे पंचायत, दवंडी, पाणवठा असलं काही मोरेश्वरने शाळेत वाचलं होतं; त्याला माहीत असलेलं वाळीत टाकणं एका माणसाच्या तोंडातल्या टूथपेस्टच्या फेसाआड झालं होतं. ते कसं संपलं हेही त्याला आठवत नव्हतं. संपलं असावं, कारण नंतर कामत वडिलांच्या खांद्यावर हात ठेवून हसताना एका फोटोत होते. पण कुलूप दोनदा ओढून बघायची सवय वडिलांना शेवटपर्यंत राहिली, आणि मोरेश्वरला लागली.

फोटोंवरून त्याला आणखी एक आठवलं. गावाच्या इतिहास मंडळात तो होता. मंडळ म्हणजे ब्रीडा, लिअम, आणि चहाला येणारे इतर. ते किलब्रॅकनचं एक पुस्तक काढत होते, आणि लोकांनी ट्रंकांतून काढून दिलेले जुने फोटो स्कॅन करून त्यांखाली ओळी लिहिण्याचं काम मोरेश्वरकडे होतं. उडालेल्या छपराची, हाताने चेंडू मारून खेळायची हँडबॉलची भिंत, टर्फच्या, म्हणजे जाळायच्या वाळल्या दलदलमातीच्या, गाड्या, चर्चबाहेर टोप्या हातात घेतलेले पुरुष. त्यातच कॉनवेचं घर होतं. एकोणिसाव्या शतकात, कुळांच्या जमिनीच्या लढ्याच्या काळात, जमीनदाराने एका कुटुंबाला हुसकून लावलं, आणि ती जमीन शेजारच्या कॉनवेने घेतली. गावाने त्याला काही केलं नाही, असं ब्रीडा सांगायची. फक्त तो दिसेनासा झाला. लोहार त्याच्या घोड्याला नाल ठोकेना, चर्चमध्ये त्याच्या दोन्ही बाजूंची जागा रिकामी राही, आणि रस्त्यात तो समोर आला की लोक त्याच्यातून आरपार पलीकडचं कुरण बघत. बहिष्काराला इंग्रजीत जो शब्द आहे तो याच देशात, याच काळात, मेयो परगण्यातल्या एका साहेबाच्या आडनावावरून पडला, हे मोरेश्वरला इथेच कळलं होतं आणि मौज वाटली होती. कॉनवेचं खानदान कधीच इंग्लंडला गेलं, पण आजही ते नाव निघालं की ब्रीडा आवाज खाली आणते आणि म्हणते, "ते बळकावणारे होते हं."

बळकावणारे. तर मन ज्या ठिकाणी जायचं टाळत होतं ते ठिकाण हे होतं. मोरेश्वर राहतो तो बंगला मालक विकायला काढत होता, आणि मोरेश्वरने तो घेतो म्हणून बोली लावली होती. बायको अस्मिता शेजारच्या नासमधल्या इस्पितळात भूलतज्ज्ञ, तिला तो जवळ. मुलगी इरावती, तिची शाळा पायी जाण्याजोगी. आणि आयुष्यात पहिल्यांदा मोरेश्वरला कुठेतरी खिळा ठोकावासा वाटत होता. पण लिअमचा पुतण्या शेन, हर्लिंग या इथल्या काठी-चेंडूच्या खेळाच्या संघाचा कप्तान, लग्न ठरलेला, गावात घर शोधतोय हे सगळ्यांना ठाऊक होतं. घरं नाहीत म्हणून गावची पोरं ऑस्ट्रेलियाला चाललीत, हे वाक्य ब्रीडाच्या दुकानात दुधाच्या भावासारखं रोज निघायचं. आणि अशा गावात कोण घर घेतंय? तर मॉरिस. एजंटला शुक्रवारपर्यंत पक्कं हो किंवा नाही कळवायचं होतं.

"तुला काहीतरी झालंय," संध्याकाळी अस्मिता म्हणाली. ती कपडे प्रेसमध्ये रचत होती. इथे कपाटाला प्रेस म्हणतात आणि आता तीही म्हणायची.

"लिअमने बोट उचललं नाही."

"कुठलं बोट?"

"सोड. तुझ्याशी कसे वागतात लोक?"

"माझ्याशी?" ती थांबली. "ऐक ना, हे तुला सांगायचंच राहिलं. ब्रीडाने आज दुकानात माझा हात हातात घेतला. म्हणाली, तू फार धीराची आहेस. आणि हा ॲपल टार्ट दिला. पैसेच घेईना. मी म्हटलं, अगं कशाबद्दल? तर म्हणे, काही बोलू नकोस, बाळ. आता नाइट ड्यूटीबद्दल म्हणत असेल, नाही का?"

मोरेश्वरने टार्टकडे पाहिलं. तो फार सुंदर झाला होता, वर साखरेचे कण चमकत होते, आणि त्याला तो पुराव्यासारखा दिसला. म्हणजे बायकोला टार्ट आणि नवऱ्याला पाठ. तिला वेगळी केली. कॉलनीतही कामतांच्या बायकोने आईला लपून लोणचं दिलं होतं. अशा वेळी दयाळू माणसं आधी बायकांची कीव करतात.

"आपण सँडीफोर्डला फ्लॅट बघूया का?" तो म्हणाला.

"वेडा झालायस? महिन्याभरापूर्वी तूच म्हणत होतास, मागच्या अंगणात लिंबू लावू म्हणून."

"लिंबू जगत नाही इथे."

"ते मी तेव्हाच सांगितलं होतं," अस्मिता म्हणाली आणि टार्ट कापायला घेतला. मोरेश्वरने दोन तुकडे खाल्ले. दुःखात त्याची भूक मरत नसे, हा त्याच्या आईकडून आलेला गुण.

पुढचे दिवस त्याने पडताळणीत घालवले. एका नोंदीवरून निष्कर्ष काढू नये हा त्याच्या धंद्याचा नियम. तेव्हा तो गाडी हळू चालवू लागला, समोरच्याला पुरेसा वेळ मिळावा म्हणून. गाडी नवी होती, विजेवरची, गेल्याच शनिवारी नासहून आणलेली. जुनी पिवळी, मोहरीच्या फुलांच्या रंगाची, दारावर पोचा असलेली, भर महामार्गावर बंद पडली होती आणि टोइंगवाल्याने तिथूनच ओढून नेली होती. मधले दिवस तो सर्दीने आणि गाडीअभावी घरूनच काम करत बसला होता. ही नवी बिनआवाजाची होती, काचा जरा काळसर, आणि रंगाला माहितीपत्रकात चंद्रकांत चंदेरी अशा अर्थाचं काहीतरी नाव होतं. अस्मिता तिला राखाडी म्हणायची, मोरेश्वर चंदेरी. जुन्यातली एकच वस्तू त्याने इकडे आणली होती, डॅशबोर्डवरचा शेंदरी गणपती. तर त्या गाडीतून तो फाटकाफाटकापाशी जवळजवळ थांबत, मान वळवून, चेहऱ्याचेहऱ्यात बघत जाऊ लागला. चर्चपाशी कुत्रा फिरवणारी बाई. नाही. कचऱ्याचा डबा ओढणारा निवृत्त मास्तर. नाही, उलट तो डबा सोडून फाटकाच्या आत गेला. लिअम पुन्हा एकदा, यावेळी फाटकात पायी उभा. मोरेश्वरने गाडी इतकी हळू केली की ती चालते आहे की नाही हे तिलाच कळेना, आणि त्याच्या डोळ्यांत थेट बघितलं, वडील दारात रेंगाळायचे तसं. लिअमने रोखून परत पाहिलं. दगड. मागे बसलेली इरावती म्हणाली, "बाबा, यू आर ड्रायव्हिंग लाइक अ फ्युनरल."

"मराठीत बोल."

"दॅट वॉज द मराठी व्हर्जन," ती म्हणाली.

बुधवारी गावाच्या व्हॉट्सॲप गटावर निरोप आला. गट चोऱ्यांसाठी होता. परगण्यात कोणाची ट्रॉली, कोणाचं डिझेल जायचं. ब्रीडाने लिहिलं होतं: गडद करड्या रंगाची एक अनोळखी गाडी गावात हळू फिरते आहे. आवाज नाही. आतला माणूस घरांकडे आणि लोकांकडे रोखून बघतो. सावध राहा, एकट्या म्हाताऱ्यांकडे लक्ष द्या. मोरेश्वरला वाचून पहिल्यांदा बरं वाटलं. संकट आलं की गाव सगळ्यांचं होतं. आपल्याला गटातून काढलेलं नाही हेही त्याने टिपून ठेवलं. त्याने निरोपाला अंगठा दाखवला, खाली लिहिलं, मीही नजर ठेवतो, आणि त्या संध्याकाळी ऑफिसातून येताना कर्तव्यबुद्धीने गावाला आणखी एक फेरी मारली, अगदी सावकाश, प्रत्येक आडवाटेत डोकावून. करडी गाडी काही दिसली नाही.

गुरुवारी मंडळाची बैठक होती, पुस्तकाच्या मुखपृष्ठावरचा फोटो ठरवायला. दुपारी त्याने एजंटला पत्र लिहून ठेवलं. कौटुंबिक कारणामुळे आम्ही हा बंगला घेऊ शकत नाही. पाठवलं नाही, आज रात्री तोंडावर ऐकून घेऊ, मग पाठवू. निदान वडिलांसारखं कुलूप ओढत तरी बसायचं नाही. गाडी चार्जिंगला लावून तो चालतच गावच्या हॉलकडे निघाला. पाऊस नव्हता, पण हवेला पावसाची हाडं होती. चालताना त्याने मनातल्या मनात वाक्यं जुळवली, इंग्रजीतून, मग मराठीतून, मग नुसतीच. मला कोणाचं काही घ्यायचं नव्हतं. मला वाटलं होतं मी इथला झालो. हे शेवटचं वाक्य फार वाईट दिसत होतं म्हणून त्याने खोडलं.

त्याने हॉलचं दार उघडलं आणि बोलणं थांबलं.

असं थांबलं की चहाच्या किटलीचा सूं सूं आवाज सभेत एकटाच बोलायला उभा राहिल्यासारखा वाटला. मधल्या टेबलावर फोटो पसरले होते, आणि सगळ्यांत वर कॉनवेचं घर. ब्रीडाच्या हातात बिस्किटांची बशी होती. लिअमने टोपी काढली आणि पुन्हा घातली.  झालं तर मग, त्याला वाटलं, आणि वाटून जवळजवळ हलकंच वाटलं.

"तर," ब्रीडा फार जपून म्हणाली, "आलास तू परत."

"कुठून?"

 लिअमने छताकडे पाहिलं.

"नाही, चांगलं झालं," ब्रीडा म्हणाली. "ते तुम्हा दोघांमधलं आहे. पोरगी लहान आहे, तिच्यासाठी तरी. आम्ही काही विचारणार नाही."

"ब्रीडा, मी कुठे गेलो होतो?"

"ते आम्हाला काय ठाऊक? पिवळी गाडी दिसेना. अस्मिता एकटी पोरीला सोडते, एकटी दूध नेते. एक आठवडा गेला, दुसरा गेला. मी म्हटलं, गेला. चांगली चांगली माणसं जातात. मग काल गटावर तुझा अंगठा पाहिला आणि मला भरून आलं रे. म्हटलं, बायको सोडून गेला तरी गावात जीव आहे त्याचा."

मोरेश्वर खुर्चीवर बसला. "अस्मिताला विचारायचं तरी."

"असल्या गोष्टी विचारायच्या नसतात," ब्रीडा जरा दुखावून म्हणाली. "टार्ट पाठवायचा असतो."

"बरं, आला ना? ग्रँड," लिअम घाईने म्हणाला, भावनेचे प्रसंग त्याला झेपत नसत. "आता तू आहेस तर त्या करड्या गाडीचं बघ. तुझं डोकं असल्या कामात चालतं. काल परत होती. परवा तर माझ्या फाटकासमोर जवळजवळ थांबलीच. आणि आतला तो इसम माझ्याकडे असा बघत होता, असा," लिअमने डोळे मोठे आणि केविलवाणे केले, "जसा मी त्याचा हरवलेला बाप आहे. अंगावर काटा आला माझ्या. माझा आजा सांगायचा, इंग्रज सैनिकांच्या लॉऱ्या यायच्या त्या अशाच. हळू. हळू येणारं काही चांगलं नसतं."

"नंबर घेतलास का?" ब्रीडाने विचारलं.

"नंबर कुठला, अंधारून आलं होतं. काचा काळ्या. पुढे काचेपाशी एक नारिंगी बाहुलं होतं तेवढं दिसलं. हत्तीसारखं काहीतरी."

"हत्ती?" ब्रीडा म्हणाली. "म्हणजे मॉरिसच्या पिवळ्या गाडीत असतो तसा?"

किटली उकळून आपोआप बंद झाली. लिअमची मान हळूहळू वळली, मग ब्रीडाची, मग चहाला आलेल्या सगळ्यांची, आणि मोरेश्वरला एकाच क्षणी सगळं दिसलं. रस्ता, फाटक, राखाडी गाडी, तिच्यात काळ्या काचेआड केविलवाण्या डोळ्यांनी बोट वर करून बसलेला एक पुरुष. गाव गाडीला ओळखतं, तिच्यातल्या माणसाला नव्हे. इतकी सोपी गोष्ट. लोक त्याच्यातून आरपार बघत नव्हते. लोक त्याच्याकडेच बघत होते, जिवाच्या आकांताने, आणि घाबरत होते.  त्याला वाटलं आपण रडणार, पण बाहेर आलं ते हसू, नाकातून, फारच अशोभनीय.

"ती चंदेरी आहे," तो कसाबसा म्हणाला. "करडी नाही."

त्यानंतर हॉलमध्ये जे झालं त्याला बैठक म्हणता येणार नाही. लिअम भिंतीला टेकून हसला, मास्तरांनी मी तर डबा टाकून पळालो हे उभं राहून पुन्हा करून दाखवलं, आणि ब्रीडाने बिस्किटांची बशी त्याच्यापुढे आदळली: "टार्ट परत दे!" मग ती डोळे पुसत म्हणाली, "पण तू तरी कशाला रे बघत होतास तसं?" तेव्हा मोरेश्वरने सांगितलं. बोटाचं, घराचं, शेनचं. चिंचवड सांगितलं नाही. ते सांगायला अजून एक हिवाळा लागला असता.

लिअम हसायचा थांबला. "शेन? तो बंगला?" तो म्हणाला. "शेनला तो फुकट दिला तरी नको. समोर त्याची होणारी सासू राहते. शिवाय मागच्या खोलीत ओल आहे, माझ्या आजाच्या वेळेपासून. त्या जागी झरा होता, पहिल्या मालकाने ऐकलं नाही. गावात सगळ्यांना माहीत आहे. आम्ही म्हणायचो, मॉरिस एवढा शिकलेला, दुसऱ्यांच्या चुका काढून पोट भरतो, याला भिंत दिसत नाही?"

"मग सांगायचं नाही का?"

"तू विचारलंस कुठे?" लिअम म्हणाला. आणि टोपी काढून, तिच्या आतल्या बाजूशी बोलावं तसं, "आणि सांगितलं असतं तर गेला असतास."

मुखपृष्ठासाठी हँडबॉलची भिंत ठरली. कॉनवेचं घर आतल्या पानावर गेलं. घरी जाताना मोरेश्वरने वाटेतच फोनमधलं एजंटचं पत्र पुसलं आणि तिथेच उभं राहून दुसरं लिहिलं, बंगला घेतो म्हणून, दोन ओळींचं, शेवटी ओलीबद्दल एक ओळ वाढवून, कारण स्वभाव काही एका संध्याकाळीत जात नाही. मग मागच्या खोलीत जाऊन त्याने भिंतीला तळहात लावला. ओल होती. गार, जिवंत, जुनी. अस्मिता दारात उभी राहून बघत होती. "काय झालं?" तिने विचारलं. "काही नाही," तो म्हणाला, "तू फार धीराची आहेस."

शुक्रवारी सकाळी, चर्चच्या अलीकडच्या वळणावर, समोरून ट्रॅक्टर आला. मोरेश्वरने गाडी कुंपणाला लगटून घेतली. लिअमने ट्रॅक्टर हळू केला, आणखी हळू, इतका हळू की कुत्र्याने मागून मान काढून पुढे पाहिलं. आणि गाडीशेजारून जाताना मान वळवत वळवत, डोळे मोठे आणि केविलवाणे करून, तो मोरेश्वरकडे शेवटपर्यंत रोखून बघत राहिला. मग, पार पुढे गेल्यावर, मागे न बघता, खांद्यावरून एक बोट उचललं.

मोरेश्वर वेग घेत महामार्गाकडे निघाला. छातीत पावसाळी खिडकी उघडल्यासारखं मोकळं वाटत होतं. गावाच्या पाटीपाशी समोरून एक पांढरी मोठी गाडी आत शिरली, डब्लिनचा नंबर, आत टाय लावलेला कोणी एक. मोरेश्वरचं बोट उठलं नाही. त्याने वेग कमी केला, आरशातून ती चर्चकडे वळेपर्यंत पाहिलं, आणि मनाशी म्हणाला, ही कोणाची? संध्याकाळी ब्रीडाला विचारायला हवं.